आधी कॉलम, मग टाइल्स : आपल्या जुन्या स्लॅबच्या इमारती भूकंपात टिकतील का?

4 डिसेंबर 2024, बुधवार. सकाळचे 7 वाजून 27 मिनिटे. महापरिनिर्वाण दिनाला दोन दिवस उरले होते. चंद्रपूर-गडचिरोलीतून चैत्यभूमीला निघणाऱ्यांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या. तेवढ्यात जमीन हलली. पंखे डोलले, मांडणीवरची भांडी वाजली, माणसे अंगणात आली. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात जमिनीखाली सुमारे 40 किलोमीटरवर 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला होता. हे ठिकाण आपल्या सिरोंच्यापासून सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, तर चंद्रपूर शहरापासून सुमारे दोनशे किलोमीटर.

मोठी हानी झाली नाही. दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ फिरले आणि विषय संपला. पण आमच्या वस्तीतल्या सभागृहात त्या दिवशी जमलेल्या आम्हा काही जणांची नजर एका कॉलमवर गेली आणि तिथेच अडकली. नळाच्या बाजूचा तो कॉलम. खालचे प्लास्टर गळून पडलेले, आतली सळाख गंजून लाल झालेली. वर्षानुवर्षे आम्ही त्यावर बॅनरची दोरी बांधत आलो होतो. खालचा हॉल लोकवर्गणीतून ऐंशीच्या दशकात बांधलेला. वीस वर्षांनी त्यावर अभ्यासिकेची खोली चढली आणि अभ्यासिकेवर पाण्याची विटांची टाकी. या प्रत्येक टप्प्याला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. खालचे कॉलम एवढे ओझे पेलतील का, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. त्या अभ्यासिकेत रोज पोरे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात.

त्यानंतर आम्ही इंजिनिअरांना विचारले, वाचले आणि इतर इमारती पाहिल्या. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत.

आपल्या पायाखाली काय आहे?

विदर्भात भूकंप होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे अर्धसत्य आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यात कोळसा का सापडतो? कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे जमिनीचा एक लांबच लांब पट्टा दोन्ही बाजूंनी तुटून खाली खचला. त्या खोलगट भागात गाळ आणि वनस्पती साचत गेल्या आणि त्यातून पुढे कोळसा झाला. यालाच प्राणहिता-गोदावरीचे खोरे म्हणतात. ते चंद्रपूरकडून सिरोंचा, भद्राचलम असे आग्नेयेला समुद्रापर्यंत जाते. सिरोंच्याजवळ वडधमला सापडलेले डायनोसॉरचे अवशेष याच खोऱ्याच्या गाळातले. ज्या भेगांवरून ही जमीन खचली त्या भेगा आजही खाली आहेत. त्यांच्यावरचा ताण कधीकधी मोकळा होतो आणि जमीन हलते.

13 एप्रिल 1969 रोजी, म्हणजे जयंतीच्या आदल्या दिवशी, याच खोऱ्यात भद्राचलमजवळ 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला होता. 2024 चा धक्का त्याच पट्ट्यातला. 22 मे 1997 रोजी आपल्या उत्तरेला जबलपूर हादरले, तेव्हा तिथे माणसे मेली आणि काँक्रीटच्या इमारतींनाही तडे गेले.

भूकंपाच्या सरकारी नकाशावर आपले दोन्ही जिल्हे कमी ते मध्यम धोक्यात गणले जात आले आहेत. म्हणून घाबरून घर सोडण्याचे कारण नाही. पण नकाशावरच्या 'कमी' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. पुढे 2002 च्या नकाशातून झोन एक काढूनच टाकण्यात आला.

तीव्रतेचा आकडाही नीट समजून घ्यावा. आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे मुलुगूच्या 5.3 पेक्षा किल्लारीच्या 6.2 मध्ये वीसपटीहून अधिक ऊर्जा होती. 2024 ला आपली इमारत टिकली म्हणजे ती परीक्षा पास झाली, असे कोणी समजू नये. ती फक्त घटक चाचणी होती.

'स्लॅबचे घर म्हणजे पक्के घर'

आपल्या वस्त्यांमध्ये स्लॅब ही नुसती छत नाही. कुडाच्या आणि कौलाच्या घरात, गावाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यासाठी सिमेंटचे घर म्हणजे माणूस म्हणून उभे राहणे. विहार, समाजमंदिर, वसतिगृह सिमेंटचे झाले तेव्हा वस्तीची मान वर झाली. किल्लारीने हा विश्वास आणखी घट्ट केला, कारण तिथे दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे माणसांवर पडली होती. सगळ्यांनी धडा घेतला की माती वाईट आणि सिमेंट चांगले.

26 जानेवारी 2001 ला हा धडा अपुरा ठरला. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते. तिथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. तो भूकंप 7.7 तीव्रतेचा, फार मोठा होता. पण त्याच शहरात, त्याच रस्त्यावर शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या. जमीन तीच, धक्का तोच, मग फरक कशाचा? पडलेल्या अनेक इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते कॉलम होते, भिंती नव्हत्या. कुठे कॉलम बारीक होते, कुठे त्यातले लोखंड नीट बांधलेले नव्हते, कुठे मागाहून वजन चढवले होते.

आता आपला हिशोब करा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. त्यानंतर जिल्ह्यात कार्यालये, क्वार्टर, शाळा, वसतिगृहे बांधण्याची लाट आली. चंद्रपूरला वीजकेंद्र आले, खाणींच्या वसाहती वाढल्या आणि त्याच काळात वस्त्यांमध्ये समाजमंदिरे उभी राहिली. भूकंपात काँक्रीट तुटू नये म्हणून त्यातले लोखंड कसे बांधावे, याचे स्वतंत्र भारतीय मानक (आयएस 13920) आले 1993 मध्ये. त्याची सक्तीही मुख्यतः जास्त धोक्याच्या पट्ट्यांसाठी होती. म्हणजे आपल्या बहुतेक जुन्या इमारती या नियमांच्या आधीच्या किंवा त्यांच्या बाहेरच्या आहेत. त्या बांधणारे सगळेच चोर होते असे नाही. इमारतीने आपले वजन खाली पेलावे एवढाच विचार तेव्हा केला गेला. बाजूने धक्का बसला तर काय, हा प्रश्नच त्यात नव्हता.

धक्का बसतो तेव्हा कॉलमचे काय होते?

गर्दीच्या एसटीत उभे राहून प्रवास केला असेल तर भूकंप समजायला वेळ लागत नाही. ड्रायव्हरने अचानक गाडी पुढे घेतली की पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागे राहते. इमारतीचा पाया जमिनीबरोबर सरकतो आणि वरचे वजन जागेवर राहू पाहते. या ओढाताणीचा सगळा जोर कॉलमवर येतो, विशेषतः कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांवर. वर जितके वजन जास्त, तितका हा जोर जास्त. आणि सर्वांत खालच्या मजल्याला वरच्या सगळ्या मजल्यांचा जोर सोसावा लागतो.

आता कॉलमच्या आत पाहू. काँक्रीट दाबाला पक्के असते, पण ताणाला कच्चे. म्हणून त्यात उभ्या सळाखा टाकतात. त्या सळाखांभोवती ठराविक अंतरावर आडव्या रिंगा बांधतात. मिस्त्री लोक रिंगेला किरकोळ समजतात, पण भूकंपात खरी राखण तीच करते. जंगलातून आणलेली लाकडाची मोळी आठवा. दोरी जवळजवळ आणि घट्ट बांधली असेल तर मोळी कितीही आदळली तरी एकजीव राहते. दोरी लांब लांब आणि सैल असेल तर पहिल्याच झटक्यात लाकडे पसरतात. रिंगा विरळ असल्या की धक्क्यात काँक्रीट फुटते, उभ्या सळाखा धनुष्यासारख्या बाहेर वाकतात आणि कॉलम जागीच बसतो.

मानक सांगते की कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांचे अंतर 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको आणि रिंगेची टोके कॉलमच्या पोटात आत वळवलेली हवीत, म्हणजे काँक्रीट फुटले तरी रिंग उघडत नाही. जुन्या कामांत हे अंतर अनेकदा 20-25 सेंटीमीटर असते आणि रिंगेची टोके काटकोनात नुसती मुडपलेली असतात. शिवाय भिंतीबाहेर दिसू नये म्हणून कॉलमची जाडी नऊ इंच ठेवलेली असते. आजचे मानक कॉलमची कमीत कमी बाजू 30 सेंटीमीटर, म्हणजे बारा इंचांच्या आसपास, मागते.

यात गंजाची भर पडते. लोखंड गंजले की त्याचा आकार कित्येक पट फुगतो आणि आतूनच काँक्रीटला फोडतो. आधी सळाखेच्या रेषेत बारीक उभी भेग पडते, मग प्लास्टर सुटते, मग लोखंड उघडे पडते. आपल्याकडचा मुसळधार पाऊस, गळकी गच्ची आणि संडास-बाथरूमची ओल हे काम वर्षानुवर्षे गुपचूप करत असते.

आधी ओळखा : इमारत कोणत्या जातीची?

जात हा शब्द आम्ही येथे फक्त इमारतीसाठी वापरतो आहोत. ज्याला आपण सरसकट 'काँक्रीटची इमारत' म्हणतो त्यात दोन प्रकार असतात. एका प्रकारात कॉलम आणि बीम यांचा सांगाडा वजन घेतो आणि भिंती नंतर भरलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात कॉलम नसतातच. विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकलेली असते. गावातली अनेक समाजमंदिरे आणि जुन्या शाळाखोल्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

दोघांचा इलाज वेगळा. भिंतीवर उभ्या इमारतीत कोपरे उघडतात आणि भिंत बाहेर पडते. तिथे दारा-खिडक्यांच्या वर, छताखाली आणि कोपऱ्यांत जाळी बसवून त्यावर सिमेंटचा जाड पट्टा करतात. खोक्याला पट्टी मारून बांधावे तसे चारही भिंतींना एकत्र बांधतात. सांगाड्याच्या इमारतीत मुख्य लक्ष कॉलमकडे द्यावे लागते. पुढचे विवेचन मुख्यतः या प्रकाराबद्दल आहे.

आपण स्वतः काय पाहू शकतो?

इंजिनिअर बोलावण्याआधी एक रविवार काढा. वही, मोजपट्टी, टॉर्च आणि छोटी हातोडी घ्या आणि हे लिहून काढा :

- इमारत कोणत्या वर्षी बांधली? वरचा मजला, टाकी, घुमट, कमान कधी चढवले? तेव्हा नकाशा होता का? तो आज कोणाकडे आहे?
- तळमजला मोकळा आणि वर खोल्या, असे आहे का? हॉल, दुकाने किंवा पार्किंगसाठी खालच्या भिंती काढल्या आहेत का?
- कॉलमची जाडी किती? सगळे कॉलम वरपासून खालपर्यंत सरळ आहेत का, की वरचा कॉलम मधेच बीमवर उभा आहे?
- अर्धी भिंत आणि वर खिडक्यांची रांग असेल तर भिंतीच्या वरचा कॉलमचा उघडा तुकडा आखूड राहतो. शाळांमध्ये हे हमखास दिसते. धक्क्यात असा आखूड तुकडा आधी तिरपा फुटतो.
- हातोडीने हलके ठोका. बद्द, पोकळ आवाज येतो तिथे प्लास्टर सुटले आहे आणि बहुधा आत गंज आहे.
- भेगा कुठे आहेत? कॉलम-बीमच्या सांध्यावर, कॉलममध्ये तिरप्या, की फक्त प्लास्टरवर केसासारख्या? प्रत्येकीचा तारखेसह फोटो काढा.
- गच्चीचा कठडा, कमान, मोठी पाटी यांना आधार काय? छोट्या धक्क्यात माणूस मरतो तो अनेकदा अशा सुट्या वस्तू अंगावर पडून.

खाणपट्ट्यातल्या मित्रांसाठी एक सूचना. ब्लास्टिंगने पडलेल्या भेगा, पोकळ खाणीवर जमीन खचणे आणि भूकंप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेले, ते भूकंपाने नव्हे. खालची जमीनच पोकळ असेल तर कॉलम जाड करून काही होणार नाही. तिथे आधी जमिनीची तपासणी आणि पुनर्वसनाचा प्रश्न येतो. इमारतीच्या मजबुतीकरणाच्या नावाखाली तो प्रश्न कोणी झाकू नये.

इंजिनिअर काय करतो?

आपली यादी हातात असली की स्ट्रक्चरल इंजिनिअरचे काम सोपे होते. तो काँक्रीटवर एक हातोडीसारखे यंत्र मारून त्याचा कडकपणा पाहतो, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधतो, गरज पडल्यास काँक्रीटचा छोटा दंडगोल काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतो. एक-दोन ठिकाणी प्लास्टर काढून सळाखा आणि रिंगा मोजतो, पाया उघडून बघतो. मग हिशोब करून कुठे किती कमी पडते ते सांगतो. जुन्या काँक्रीट इमारतींच्या अशा तपासणीसाठी आणि मजबुतीकरणासाठी 2013 पासून आयएस 15988 हे वेगळे भारतीय मानक आहे. 'मला नुसते बघून कळते' असे सांगणाऱ्या ठेकेदाराला या मानकाचे नाव विचारावे.

मजबुतीकरणाचे मार्ग

वजन उतरवणे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. गच्चीवरची विटांची टाकी काढून हलकी प्लास्टिकची टाकी कॉलमच्या डोक्यावर बसवणे, गळती थांबवायला एकावर एक चढवलेले जुने थर काढणे, अनावश्यक जाड भिंती हलक्या करणे. वजन कमी झाले की धक्क्याचा जोरही तितकाच कमी होतो.

मोकळ्या मजल्याला भिंती देणे. हॉलच्या चार कोपऱ्यांजवळ, दोन्ही दिशांना, दोन कॉलममधल्या काही गाळ्यांत काँक्रीटची भिंत उभी करतात किंवा लोखंडी तिरपे आधार लावतात. मधला हॉल मोकळाच राहतो. या भिंतींना स्वतःचा पाया लागतो आणि त्या जुन्या कॉलम-बीमला पक्क्या जोडाव्या लागतात. एकाच बाजूला भिंत घातली तर इमारत धक्क्यात पिळवटते, म्हणून समतोल महत्त्वाचा. एकेक कॉलम जाड करण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा जास्त उपयोगी ठरतो.

कॉलमला काँक्रीटचे जॅकेट. आधी स्लॅबला टेकू देतात. प्लास्टर आणि सुटे काँक्रीट काढतात, गंज घासतात, पृष्ठभाग खडबडीत करतात. भोवती नव्या सळाखा उभ्या करून जवळजवळ रिंगा बांधतात आणि साधारण 10 सेंटीमीटर जाडीचे नवे काँक्रीट भरतात. येथे दोन चुका नेहमी होतात. नव्या सळाखा पायात न रोवता फरशीवरच उभ्या केल्या जातात आणि वर स्लॅबला भोक पाडून पुढे न नेता तिथेच थांबवल्या जातात. असा कॉलम जाड दिसतो, पण ज्या टोकांवर जोर येतो तीच टोके कच्ची राहतात.

लोखंडी पट्ट्यांचे जॅकेट. कॉलमच्या चार कोपऱ्यांना अँगल लावून त्यांना आडव्या पट्ट्या वेल्ड करतात आणि मधली फट न आकसणाऱ्या मसाल्याने भरतात. जागा कमी लागते आणि काम लवकर होते. मात्र गंजापासून व आगीपासून संरक्षण द्यावे लागते.

तंतूंचे वेष्टन. काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंचे कापड विशिष्ट रसायनाने कॉलमभोवती गुंडाळतात. ते मोळीच्या दोरीचे काम करते. महाग असते, कुशल माणूस लागतो, आणि आतला गंज न काढता गुंडाळले तर गंजाला फक्त पांघरूण मिळते.

सुटे भाग बांधणे. कठडा, कमान, पाण्याची टाकी, पुस्तकांची उंच कपाटे पक्की जखडणे. दरवाजे बाहेर उघडतील असे करणे. हे काम वस्तीतला मिस्त्री आणि आपण मिळून एका आठवड्यात करू शकतो.

एक इशारा. एकाच मजल्याचे कॉलम पक्के करून थांबले तर कमजोरी वरच्या मजल्यावर सरकते. म्हणून तुकड्या-तुकड्याने केले तरी चालेल, पण आराखडा संपूर्ण इमारतीचा हवा. आणि भेगेत सिमेंट भरून रंग मारणे याला मजबुतीकरण म्हणत नाहीत. त्याने भेग दिसेनाशी होते, एवढेच.

हे खरेच होते का?

होते, आणि आपल्याच राज्यात झाले आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेला भूकंप झाला तेव्हा 103 मीटर उंचीच्या धरणाला भेगा पडल्या. जिथे धरणाची जाडी वर जाताना एकदम कमी होते नेमक्या त्या उंचीवर त्या पडल्या होत्या. धरण पाडले नाही. भेगा भरल्या, पोलादी दोरांनी ताणून बांधले आणि उंच भागांना मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. त्यानंतर कोयनेची जमीन पुन्हा पुन्हा हलली आहे, पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे धक्केही बसले आहेत, आणि धरण पाणी धरून उभे आहे. मोठे धरण जुने असूनही पक्के करता येते, तर वस्तीचे सभागृह का नाही?

जपानमध्ये 1981 साली इमारतींचे नियम कडक झाले. 17 जानेवारी 1995 ला कोबे शहर हादरले तेव्हा 1981 पूर्वीच्या इमारतींची सर्वाधिक पडझड झाली. त्याच वर्षी त्यांनी जुन्या इमारती मजबूत करण्याचा कायदा केला आणि पुढच्या काळात जवळपास सगळ्या सार्वजनिक शाळा पक्क्या केल्या. तिथल्या जुन्या शाळांच्या खिडक्यांवर आज पोलादी तिरपे आधार सरळ दिसतात. ते दिसायला सुंदर नाहीत. पण तिथल्या आईबापांना त्यांचा अर्थ ठाऊक आहे.

पैसा, कायदा आणि आपण

महानगरपालिका क्षेत्रात 30 वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याची जबाबदारी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने मालक आणि भोगवटादारावर टाकली आहे. चंद्रपूर 2011 पासून महानगरपालिका आहे. म्हणजे शहरातल्या आपल्या संस्थांनाही हा नियम लागू होतो. नोटीस येण्याची वाट कशाला पाहायची?

सरकारी शाळा, वसतिगृहे, क्वार्टर यांच्याबाबत माहितीचा अधिकार वापरा. अर्जात चारच प्रश्न पुरे : इमारत कोणत्या वर्षी बांधली, स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचे कधी झाले, अहवालाची प्रत मिळावी, आणि त्यातल्या शिफारशींवर काय काम झाले. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. मिळालेली उत्तरे तिथे निवेदनासह द्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून अनेक गावांत समाजमंदिरे उभी राहिली. पुढच्या वेळी ग्रामसभेत नव्या कमानीचा ठराव मांडण्याआधी जुन्या समाजमंदिराच्या तपासणीचा ठराव मांडा.

आपल्यातली कितीतरी मुले-मुली चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, पॉलिटेक्निकमध्ये, नागपूरच्या व्हीएनआयटीत सिव्हिल शिकली आहेत, शिकत आहेत. त्यांना जयंतीला फक्त सत्काराला बोलावू नका. हातोडी आणि मोजपट्टी घेऊन बोलावा. अंतिम आराखडा अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करावा, पण पहिली पाहणी, मोजमाप, फोटो, नोंदी ही कामे हे तरुण करू शकतात. एका तालुक्यातील विहारे, वसतिगृहे, अभ्यासिका यांची यादी महिनाभरात तयार होऊ शकते. त्यातून सर्वात धोकादायक इमारती कोणत्या ते कळेल आणि आधी त्यांचे काम हाती घेता येईल.

आणि शेवटी वर्गणी. आपले लोक हातावरच्या कमाईतून विहारासाठी पैसे देतात. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या दिवसापासून या जिल्ह्याने आपल्या इमारती अशाच पैशातून उभ्या केल्या आहेत. हा पैसा चकचकीत टाइल्स, मोठा घुमट, आणखी एक मजला यांवर जातो, कारण ते दिसते. कॉलममधली रिंग कोणाला दिसत नाही आणि तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. घुमट नको असे आम्ही म्हणत नाही. घुमटाखालचे कॉलम आधी बघा, एवढेच म्हणतो.

आमच्या सभागृहाचे काय झाले, तेही सांगतो. गच्चीवरची विटांची टाकी आम्ही काढली. तपासणी होईपर्यंत अभ्यासिका खाली आणली. वरच्या मजल्यावर टाइल्स बसवण्यासाठी जमलेली वर्गणी बैठकीत ठराव करून तपासणीकडे वळवली. ठरावावर वाद झाला. एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "पोरं कुठं बसतात? तिथंच ना? मग आधी ते पाहा." वाद तिथेच संपला.

भूकंप केव्हा येईल हे जगात कोणीही सांगू शकत नाही. आला तर आपली कोणती इमारत आधी पडेल, हे मात्र आजच शोधता येते. येत्या रविवारी आपल्या वस्तीतल्या विहाराचा, शाळेचा, वसतिगृहाचा तळमजला पाहून या. कॉलम मोजा, ठोकून पाहा, फोटो काढा, आणि पुढच्या बैठकीत तोच पहिला विषय ठेवा.